पायाशी एक

हार्लशॉच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
हीटर टकटकतो आणि माझ्यापुढे
आरोग्याधिकारी फेदरस्टोन यांचा अहवाल, सन अठराशे एक्क्याऐंशी.
जन्म हजारी एकोणचाळीस.
मृत्यू हजारी सव्वीस पूर्णांक चार दशांश.
मागल्या वर्षी अठ्ठावीस होते. डॉक्टर समाधानी आहेत.

खाली बारीक टीप:
नव्या गिरणीत आयर्लंडहून बाराशे पोरी आल्या.
तरण्याताठ्या, दात शाबूत,
खोकला अजून लागायचा होता.
मेले पाचशे साठ. मागल्या वर्षीही पाचशे साठच.
छेद फुगला, एवढंच.

शाळेत टिपणीसबाई फळ्यावर आडवी रेघ मारायच्या:
वर अंश, खाली छेद.
आई मला म्हणायची, माझाच अंश गं तू,
आणि मला वाटायचं,
मग रेघेखाली सुरी घेऊन कोण बसलंय?

पंप स्ट्रीट. मी राहते तीच गल्ली.
ऑगस्टात उन्हाळी जुलाबाने अकरा,
सगळी वर्षाच्या आतली.
दुधाच्या बाटलीला हातभर रबरी नळी असायची,
आतून धुता न येणारी.
घरांचे नंबर दिलेले नाहीत. बरं झालं.

मग चर्चच्या खोक्यातून निघाली
कबर खणणाऱ्या सायलस थ्रेलफॉलची वही.
अक्षर गिचमिड, डाग चहाचे की मातीचे.
"१९ ऑगस्ट. मिसेस डकवर्थ, वय एकाहत्तर. पायाशी एक."

पायाशी एक काय?
ग्रंथपाल ऑग्डन चष्मा कपाळावर सरकवतात:
मेलेलंच जन्मलेलं.
तेव्हा त्याची नोंद करायचा कायदा नव्हता.
कुणाच्या तरी पेटीत जागा बघून ठेवायचे,
आई अजून खाटेवर असायची, बाप पाळीवर.

जन्मात धरलं नाही, म्हणून मृत्यूतही नाही.
एकोणचाळिसात नाही, सव्विसात नाही,
त्या चार दशांशात तरी?
तिथेही नाही.

पानं उलटत गेले. पायाशी एक. कुशीत एक.
"पायाशी दोन", इथे टाक थांबलाय,
शाई पसरलीय.
मोजत होते, एकतीसनंतर सोडून दिलं.
कशाने भागायचं तेच कळेना.

मिसेस डकवर्थला मूलबाळ होतं की नव्हतं
त्याबद्दल वहीत काही नाही.
पुढे सहा पेन्स लिहिलेत,
आणि खोडलेत.