अर्धा तास

रविवार, रात्री अकरा एकोणसाठपर्यंत.
एवढं लिहून मी थांबते.
कुणाच्या घड्याळात?

सेंट जॉन्सला आम्ही अर्धा तास पुढे जगतो,
बेटाचा जुना हट्ट आहे तो.
वर, लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर, नेनमध्ये
बेनिग्ना तेव्हा भांडी विसळत असते,
हात पुसून निबंध धाडते, वेळेत,
आणि माझी यंत्रणा
उशिराचा लाल शिक्का मारून मोकळी होते.

अभ्यासक्रमाचं नाव: दुसऱ्यांना दाखवताना.
तेरा आठवडे, तीन क्रेडिट,
समोरासमोर भेट एकही नाही.

मागच्या वर्षीचे नियम उघडते.

एक. कॅमेरा चालू हवा.
फेब्रुवारीत तिथल्या जोडणीवर
चेहरा पाठवायचा तर आवाज जायचा.
तिनं आवाज ठेवला.
मी हजेरीचे दोन गुण कापले.

दोन. दर आठवड्याला दोघांना उत्तर द्या,
किमान शंभर शब्द.
रेनाटसनं सात लिहिले:
हे वाचलं. आता बापाला विचारून मग सांगतो.
बाप सीलच्या मागावर, बर्फावर.
नऊ दिवसांनी उत्तर आलं, लांबलचक,
मध्येच बापाचं हसूही लिहिलेलं.
तोवर मी शून्य भरलं होतं.
शून्य भरायला वेळ लागत नाही.

तीन. आदराने बोला.
हे मी दहा वर्षं जसंच्या तसं चिकटवतेय,
कुत्रा नसलेल्या घरावर
कुत्र्यापासून सावध राहा, ही पाटी असते तसं.

चार. चित्र वापरलंत तर खाली श्रेय द्या.

हा नियम मी स्वतः कसोशीने पाळला.
पाचव्या आठवड्यात पडद्यावर फोटो लावला:
सीलच्या कातड्याचे बूट,
भुवयांपर्यंत ओढलेली टोपी,
ओठ घट्ट मिटलेले.
खाली फोटोग्राफरचं आडनावासकट नाव,
त्याच्या जहाजाचं नाव, संग्रहाचा क्रमांक,
आणि: अज्ञात स्त्री.

काय दिसतं, मी विचारलं.
सोसणं, ब्रॅम्प्टनहून गुरलीन म्हणाली.
निसर्गाशी झुंज, कोलम म्हणाला, प्लासेंशियाचा,
ज्याचे आजोबा समुद्रातून परतले नव्हते.
लोपणारं जग, असंही कुणीतरी.
मी मान डोलावत होते,
प्रत्येकाला एकेक गुण देत.

मग काळ्या चौकोनातून आवाज आला, तुटत तुटत:
तंबाखू.
गालात तंबाखूची गोळी होती तिच्या, दाढ दुखायची म्हणून.
फोटोवाल्यानं थुंकू दिलं नाही.
आमच्याकडे अजून हसतात यावर.

कुणी हसलं नाही. हसावं की नाही
हे नियमांत नव्हतं.

मी घाईघाईनं पेन उचललं.
नाव? नाव काय तिचं?

चौकोन गप्प.
वाटलं, जोडणी गेली.
गेली नव्हती.

ठाऊक आहे, ती म्हणाली.
सांगायलाच हवं असा नियम आहे का, मिस?
न सांगितल्याचे किती गुण जातात?

आज ऑगस्ट संपत आलाय.
चहा दोनदा गार झालाय, खाली बंदरात धुकं,
कुठल्या तरी बोटीचा भोंगा जरा जरा वेळाने.
कॅमेरा खोडला.
शंभर खोडले, तिथे लिहिलं: विचारून, मग.
वेळ ज्याच्या त्याच्या घड्याळाची,
विभागप्रमुखांना हे चालणार नाही,
त्यांचं पत्र येईलच.
तिसऱ्यावर अजून अडलेय.
पाटी काढली तर दार उघडं दिसतं,
ठेवली तर कुत्रा पाळावा लागेल.

फोटोखालची ओळ तेवढी बदलली:
हिला नाव आहे. ते आम्हाला सांगितलेलं नाही.

फोटो ठेवू का काढू,
असं तिच्या घरी विचारलंय, बेनिग्नाकरवी नव्हे,
साध्या टपालानं, पाकिटावर तिकिटं लावून.
विमान हवा असेल तसं जातं.
उत्तर यायचंय.

माझ्याकडे बारा वाजून गेले.