शुद्धिपत्र, पान एक्केचाळीस

हरडेसाहेबांनी टेबलावर नकाशासंग्रह आपटला
तेव्हा धुळीसोबत झुरळाचा एक सुकलेला पंख उडाला.
"चीनचं पान आधी बदला," म्हणाले,
"पोरं पेकिंग शोधतात अन् मोबाइल त्यांना भाजलेलं बदक दाखवतो."

म्हणून हा आठवडा माझा चीनमध्ये गेला,
धंतोलीतल्या प्रेसच्या माडीवर,
कूलरच्या खर्जात.
पेकिंगचं बीजिंग केलं.
नानकिंगचं नानजिंग, एका अक्षराचं काम.
कँटन खोडलं, पण ग्वांगझोउ मावेना,
शेवटचं अक्षर समुद्रात सोडावं लागलं.
अमॉयचं श्यामेन.
मुकडेनचं शेनयांग करताना आत्या आठवली:
ताटातल्या तांदळात बोटानं लिहून
शेवंताची सुनंदा केली होती तिची,
आणि सगळे पेढे खात होते.

कुणा साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं
ते त्यानं लिहिलं,
त्यावर टपालाचे शिक्के पडत राहिले शंभर वर्षं.

एक नाव उरलं. काइंग.
दक्षिणेला, डोंगरात, मुंगीएवढ्या टाइपात.
यादीत त्याच्यापुढे कोरी जागा.

ते नाव मी ऐकलेलं होतं.
सदरमध्ये ल्यावकाकांचं बुटांचं दुकान.
माझा डावा पाय अर्धा इंच तोकडा,
त्याचा लाकडी फर्मा त्यांच्याकडे फळीवर,
वर खिळ्यानं कोरलेलं: काम्पटीवाली बाई.
"कामठी हो काका."
"स्टेशनाच्या बोर्डावर इंग्रजीत तसंच लिवलं हाये ना जी."
वीस वर्षं हेच चाललंय आमचं.

काका एक्याऐंशीचे. आरी खाली ठेवली त्यांनी.
"काइंग? काहून विचारता?"
मग दोऱ्याला मेण लावत, माझ्याकडे न बघता:
"बासष्टला ठाण्यात मुन्शीनं असंच पुस्तक उघडलं होतं.
बापाच्या कागदावर काइंग.
मामाच्या कागदावर मेई-श्येन.
मायला विचारलं तर ते म्हणे मोइयेन.
मुन्शी म्हणे, तीन गावचे लोक एका घरात कसे?
तीन नव्हते जी. एकच होतं.
एक नदी, एक पूल, पुलाखाली म्हशी.
मी काई पाह्यलं नाही, माय सांगे."
बापाला गाडीत बसवून नेलं राजस्थानात.
तीन वर्षांनी आला तो दात गमावून,
आणि पाटी रंगवली नवी, गाव न घालता.

"आता काय लिहू मग?"
"टीव्हीवाला मेइझोउ म्हणते. तेच खरं असंल.
तुमची परीक्षा त्याच्यावरच होईन."

परतताना झीरो माइलपाशी सिग्नल लागला.
त्या दगडावर चंद्रपूर अजून चांदाच आहे,
तरी चंद्रपूरच्या गाड्या रोज सुटतात.
मी उगाच तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, मोइयेन.
शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटलं
मी त्याला काही म्हणतेय.

मेइझोउ लिहिलं. यादीत बरोबर तेच हवं होतं.
समासात पेन्सिलीनं मोइयेन, खाली ठिपके.
संगणकावरचा पोरगा विचारेल, हे घ्यायचं का?
काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

शनिवारी बूट आणायला गेले.
बिलावर काम्पटी.
मी काही बोलले नाही, तर तेच म्हणाले,
"का-म-ठी," जपून, टाच ठोकल्यासारखं,
ठ चा थ झाला.
मग मी म्हटलं, "मोइयेन."
ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.
"नाही जी. सूर चुकला. असं म्हटलं
तं दुसरंच काईतरी होते."
काय होते, ते सांगेनात.