पांढरी बट

परळच्या लॅबमध्ये मी एका प्रथिनावर काम करते.
नाव किट. अर्धं पेशीच्या बाहेर, अर्धं आत,
उंबऱ्यात उभ्या माणसासारखं.
बाहेरून निरोप आला की शेजारचं किट जवळ सरकतं,
दोघं एकमेकांना फॉस्फेट लावतात,
हळदीकुंकवाला बायका बोट लावतात तसं.
मग आत बातमी: जग. वाढ. चालू लाग.
रक्त त्याचं ऐकतं, आतड्याची लय ऐकते,
रंगाच्या पेशीही.

बाबांच्या कपाळावर पांढरी बट होती.
माझगाव डॉकच्या मुलाखतीला
तिला बुटाचं पॉलिश फासून गेले.
घामाने काळा ओघळ भुवईपर्यंत.
नोकरी लागली, टाइमकीपरची.
उशीचे अभ्रे आई निवृत्तीपर्यंत घासत राहिली.

गर्भात, पाठीच्या कण्याजवळून
रंगाच्या पेशी निघतात कपाळाकडे.
त्यांच्या काही पोचल्याच नाहीत.
एका प्रतीत एका अक्षराची चूक.
माझ्याही.

काल फिलोमिनाने ब्रश बुडवून विचारलं, "रंगवू?"
आरशात ती जागा,
जिथवर कुणीतरी चालत येत होतं.
"टोकं काप फक्त," मी म्हटलं,
"आणि पंखा जरा इकडे कर."