एक ऐकणारा, एक बोलणारा

मडगावच्या टॅक्सीवाल्याने भंगारात काढले तेव्हा
दोन्ही मिळून नऊशे रुपयांना पडले.
एकाच्या पाठीवर अजून चिकटलेलं:
गाडी क्र. १४. दार हळू लावा.

आनाक्लेत कुलासो, बत्तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर,
आता केप्यात चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून बसतो.
मी वीज खात्यात मीटर वाचत फिरलेली बाई,
परवान्याची परीक्षा दिली एक्कावन्नाव्या वर्षी.
दोघांत मिळून एक सोल्डरिंग आयर्न,
तेही त्याचं.

काम तसं तीन वायरींचं.
ऐकणाऱ्या रेडिओत एक हिरवा दिवा असतो,
कुणी बोलू लागलं की पेटणारा.
त्याची चिमूटभर वीज चोरायची,
ट्रान्झिस्टरला पाजायची,
आणि दुसऱ्याचं बोलायचं बटण कायमचं त्याच्या हवाली करायचं.
एक वायर आवाजाची. एक निव्वळ जमिनीची,
जी मी विसरले, आणि अख्खा रविवार गेला.

टेबलावर शेजारी ठेवून चालू केले
तर रिले टकटकायला लागला, थांबेचना.
दुसरा बोलला की पहिला ठार बहिरा;
पहिल्याला ऐकू येईना म्हणून दुसरा गप्प;
दुसरा गप्प, की पहिल्याला पुन्हा ऐकू यायचं.
टक. टक. टक.
आनाक्लेत म्हणाला, "गो बाय,
मोठ्यान उलयतल्याच्या कुशीक बसून
कोणाक कितें आयकूं येतलें?"

मग कुडचड्याच्या कासाराकडे.
पितळेचे सहा नळकांडे डबे, हातभर उंचीचे,
आत एक दांडा, वर आटा पाडलेला.
"खंयच्या देवळाक?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, हवेतल्या दोन आवाजांमध्ये भिंत घालायची आहे.
त्याने मजुरी शंभराने वाढवली.

पाव आटा इकडे, केसभर तिकडे.
मी काट्यावर डोळा ठेवून, तो कानावर हात ठेवून.
सहाव्या रात्री टकटक थांबली.
ते आमच्या लक्षात आलं बऱ्याच वेळाने,
चहा निवल्यावर.

नेत्रावळीच्या वर, वनखात्याच्या शेडीत,
एक बॅटरी, एक पत्रा-पेटी, लोखंडी नळावर अँटेना.
खाली खोरं, पलीकडे वेर्ले,
जिथे फोन हा फक्त विजेरी म्हणून वापरतात.
पहिल्यांदा यंत्राने डोंगरावरून जे सांगे तालुक्याला ऐकवलं
ते म्हणजे आनाक्लेतचा खोकला.
मी नारळ फोडायला आणला होता, तो तसाच हातात.
मग वेर्ल्याहून सोयरू वेळीप,
दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झालेला,
घसा साफ करून, सगळे नियम पाळून, नाव-खूण सांगून:
"चारची बस रिवणाहून सुटली काय? ओव्हर."

सुटली नव्हती.

आता तिसरं वर्ष. डब्यांत दोनदा मुंग्या झाल्या.
सांगायचं आहे ते परवाच्या दुपारचं.
सोयरूचा माइक कशाखाली तरी दबला.
डोंगर बोलायला लागला:
कोयत्याचे घाव, कोंबडीला हाकलणं,
एक मुलगी सतराचा पाढा म्हणते आहे,
सतरा सत्ते अडखळते, मागे जाते.
मी इकडून ओरडून काय उपयोग,
ज्याचं बटण दाबलेलं आहे त्याचा कान बंद असतो,
हे तर आम्हीच जोडलेलं.

तीन मिनिटांनी यंत्र आपोआप तोंड मिटतं.
आनाक्लेतचा हट्ट होता तो टायमर बसवायचा,
मी म्हटलं होतं, कशाला खर्च.
एकशे एकोणीसपर्यंत ती पोचली का, ते कळलं नाही.
वहीत नोंद केली:
१४.२०, वाहक अडकला, तीन मिनिटं.
खाली, रकान्याबाहेर, पेन्सिलीने:
१७ × ७.