दार बाहेरून उघडतं

गायमानच्या पुढे, कालव्याच्या काठाला,
पॉपलरच्या रांगेआड ती उभी होती
नाक वाऱ्याकडे करून.
इकडे गाड्या अशाच उभ्या करतात.
वाऱ्याकडे पाठ केली, तर दार उघडताक्षणी
बिजागरीसकट हातात येतं.

ब्याण्णवचं मॉडेल. रंग एकेकाळी हिरवा,
आता कुठे हिरवा, कुठे नुसताच पत्रा.
मी चिखलात उताणा पडून चॅसी बघितली,
पायाखालचं रबर उचलून नखाने गंज खरवडला,
ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं.
दुधट काही नाही. म्हणजे इंजिन पाणी पीत नाही.
हे सगळं तोरिबिओने फोनवर पढवलेलं.
"आणि तोंड पाडून ठेव," तो म्हणाला होता,
"आवडली असं दिसलं की भाव चढलाच."

मला ती हवी होती खांबांसाठी.
पठारावर मेंढ्यांच्या रानांना कुंपणं घालतो मी:
तारेची भेंडोळी, पहार, घण,
पंधरा दिवसांचं पाणी, पीठ.
रुफिनाला हवी होती शाळेसाठी, दवाखान्यासाठी,
तिच्या आईच्या गुडघ्यांसाठी.
आणखीही कशासाठी तरी. ते तिने सांगितलं नाही,
फक्त हौद्यात चढून, आडवी होऊन,
गादी मावते का ते बघितलं.

"पुढे किती माणसं बसतात?"
"कागदावर तीन," म्हातारा एमरिस म्हणाला,
"लग्नाला निघालो की सात."

दुसरा गिअर कुरकुरला. ब्रेक जरा उशिरा लागला.
परत येऊन थांबलो, तेव्हा त्याने आपण होऊन सांगितलं
(विकणारा सहसा सांगत नाही):
"ते पलीकडचं दार आतून उघडत नाही.
एका ऑगस्टमध्ये वाऱ्याने पिरगळलं, तेव्हापासून."
"मग दुरुस्त का नाही केलंत?"
"नेस्ता बसायची तिथे.
मी उतरायचो, वळसा घालून जायचो, उघडायचो.
एकवीस वर्षं.
पुढे पुढे ते बिघडलंय हेच विसरलो."

भाव पाडायला मी तेच दार धरणार होतो.
शब्द जिभेवर आलेले, गिळले.
खोटं कशाला सांगू, सगळेच नाही गिळले.
स्टेपनी टकली होती, तिचे पैसे कापून घेतले.
तो आपल्या पणजोबांच्या भाषेत पुटपुटत नोटा मोजत राहिला,
दोनदा चुकला,
दोन्ही वेळा माझ्याच फायद्याचं.
दुसऱ्यांदा मी सांगितलं.

पहिल्या रविवारी सगळी माणसं कोंबून नदीवर गेलो.
थांबलो, उतरलो, टोपी सावरत वळसा घातला,
म्हाताऱ्यासारखाच, जरा ऐटीत.
तोवर रुफिनाने खिडकीतून हात बाहेर काढून
दार स्वतःच उघडलेलं,
धाकटी खिडकीतूनच उडी मारून पसार,
आणि सासूबाई मधल्या जागेवरून विचारत होत्या,
"हा कुठे चाललाय, गाडीला प्रदक्षिणा घालत?"

त्रेलेउच्या भंगारवाल्याकडून आतली कडी आणली.
बसवायला रविवारची दुपार पुरे.
ती अजून समोरच्या कप्प्यात आहे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, खिळ्यांच्या डब्याखाली.

मग ऑगस्ट आला.
पठारावर ताणलेली तार सुटली, तळहात फाडून गेली.
त्या खेपेला रुफिना सोबत होती.
तिने शर्ट गुंडाळला, स्टिअरिंग धरलं,
चार तासांच्या वाटेत दुसऱ्या गिअरला शिव्या घातल्या,
माझ्याशी एक शब्द नाही.
धुळीपायी काचा वर. माझा कामाचा हात मांडीवर,
काच फिरवायलाही निरुपयोगी.

दवाखान्यासमोर तिने गाडी बरोब्बर नाक वाऱ्याकडे करून लावली.
उतरली. ओढणारा स्कार्फ दातांत धरून
बोनेटला हात टेकत टेकत समोरून आली.
मी आत बसून बघत होतो.
ती काचेपलीकडे दिसेनाशी झाली, दिसली,
दार उघडलं.

"उतर आता," ती म्हणाली,
"की टाके घालायला डॉक्टर इथेच बोलावू?"