चार वाजता

तुस्कानो सिस्टरांनी चष्म्याच्या काचांना व्हॅसलिन फासलं,
कानांत कापूस, बुटांत हरभरे,
बोटं दोन-दोन करून चिकटपट्टीनं बांधली.
म्हणाल्या, आता एप्रनची बटणं लावा.

आम्ही हसत सुटलो.
सुप्रभाचं एक बटण तुटून टेबलाखाली गेलं
आणि शोधायला तिला वाकता येईना,
तेव्हा जरा कमी हसलो.
चार वाजता पट्ट्या काढल्या. कॅन्टीनमध्ये वडे खाल्ले.

परळच्या वॉर्डात खाट चौदा,
सोनूबाई वैती.
साठ वर्षं पापलेटं साफ केली, डोळे मिटूनसुद्धा,
असं सून सांगते.
झंपराचं वरचं बटण काजापर्यंत जातं, सुटतं.
पुन्हा जातं.
माझा हात पुढे गेला, शिकवलेला, चपळ.
मग मी तो खिशात घातला.
खिशात कालच्या पट्टीचा बोळा,
अजून चिकट.

गोळ्यांची ट्रॉली दाराशी थांबलेली.
मोठ्या सिस्टर घड्याळाकडे बघतायत, मग माझ्याकडे.
चहावर साय धरली.
चार कधी वाजतात
या खाटेवर?

लागलं.
सोनूबाईंनी मान वर केली:
"बगतेस काय गो,
अजून तीन हान."