डाव्या बाजूला बघा

माणशी तीनशे, लहानग्यांना दीडशे,
मांडीवरच्यांना फुकट.
दिसला नाही तर निम्मे पैसे परत.
पाटी बायकोने रंगवली, तिच्यावरचा डॉल्फिन
थोडा सुरमईवर गेलाय, दातही जास्तच.
आमच्यात त्याला गादा म्हणतात.
पण गादा बघायला इचलकरंजीहून कोण येणार?

सकाळी सात. निवतीला ओहोटी.
पाहुणे चपला हातात धरून गुडघाभर पाण्यातून येतात,
होडीत चढताना प्रत्येक जण
एकदा तरी माझ्या खांद्याला धरतो.
मग नारिंगी जाकिटं.
त्यांना परवाच्या, तेरवाच्या माणसांचा घाम,
पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

बाबा होते तेव्हा हीच होडी कांडाळ घेऊन जायची.
गादा बांगडे खाऊन जाताना
खिडकी फोडावी तसं जाळ्याला भोक पाडायचा.
आई रात्र रात्र तुणत बसायची
आणि बाबा तिच्याकडे न बघता म्हणायचे,
"पयलो कोयतो. मगे देवाचा नाव."

एका पहाटे एक गुरफटला.
मी सोळाचा. कोयता माझ्या हातात दिला.
दोरा कापायचा होता.
दोराच कापला मी,
बहुतेक दोराच.
पाणी काळं होतं, होडी हलत होती,
आणि तो माझ्या तोंडावर श्वास सोडत होता,
कोमट, माणसासारखा,
वास फक्त तारलीचा.

आता खडपाच्या पलीकडे गेलो की मी इंजिन बंद करतो.
"डाव्या बाजूला बघा."
सगळे उजवीकडे बघतात.
मग सगळेच डावीकडे धावतात, होडी कलते,
माझा भाचा लवू ओरडतो, "बसा, बसा हो!"
आणि तेवढ्यात पाठ.
नुसती करडी पाठ, धुतलेल्या शहाबादी फरशीसारखी,
पराच्या टोकाला खाच,
फुटक्या बांगडीच्या तुकड्याएवढी.

"ह्याला काय झालं?"
दर फेरीत कोणीतरी विचारतंच.
मी सांगतो, शार्क.
शार्कने लोकांचे पैसे वसूल होतात.
शार्क दर हंगामात थोडा थोडा वाढतो,
यंदा तो होडीएवढा झालाय.

काल एक मुरदंडे म्हणून होते, यंत्रमागावर जन्म गेलेले.
बायको काठावरून ओकत होती,
हे एका हाताने तिची पाठ चोळत,
दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरून
शार्कची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत होते.
मग म्हणाले, तसे सहजच,
"फाटलेलं वेगळं हो, कापलेलं वेगळं.
ही कड सरळ आहे."

लवू हसला. त्याला वाटलं, विनोद.
मी दोरी ओढली. इंजिन दोनदा चुकलं,
तिसऱ्यांदा लागलं.
गादा तोवर खाली गेला होता,
पाण्यावर त्याने सोडलेला गुळगुळीत गोल तेवढा,
तेल सांडल्यासारखा,
त्यावरून आम्ही परत आलो.

उतरताना मुरदंड्यांनी माझा खांदा धरला.
सगळेच धरतात.
जाकीट काढून नीट घडी घातली,
पट्टे आत, बकल वर,
अशी घडी आजवर कोणी घातली नव्हती.
बायकोला लिंबू-सोडा पाजला आणि गेले.

दुपारच्या फेरीला वारा उचलला.
खडपाला दोन चकरा मारल्या, भोगव्याच्या अंगाला गेलो,
कावळा म्हणावा असा एक समुद्रपक्षी सोडता
काहीच नाही.
मी तरी म्हटलं, डाव्या बाजूला बघा.
एक बाई किंचाळली, "दिसला! शेपूट दिसलं!"
तिच्या मुलालाही दिसलं, मग मागच्या बाकालाही.
"त्याच्या पाठीवर काहीतरी होतं ना हो?" तिने विचारलं.

मी पाण्याकडे बघत राहिलो.
नव्हतं, म्हणावं,
तर निम्मे पैसे परत द्यायचे.